आधी घरी फोन

भाऊ कशाला घाबरत नसत ते सांगायला गेले तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. पालीला घाबरत. कुत्र्याला घाबरत, आणि कुत्रं झोपलेलं असलं तर जास्तच, कारण ते कधी उठेल याचा नेम नाही. विजेला इतके घाबरत की दिव्याचं बटण दाबायच्या आधी पायात चप्पल आहे ना, ते खाली वाकून बघत. आणि हा माणूस उभा जन्म तारा ओढण्याच्या धंद्यात होता! फोन वाजला की दचकत. रिसीव्हर उचलत, पण पलीकडचा बोलेपर्यंत स्वतः तोंडातून चकार शब्द काढत नसत. नवखा माणूस दोनदा ‘हॅलो’ म्हणून फोन ठेवून देई आणि भाऊ आमच्याकडे बघून म्हणत, “पाह्यलं? बोलला नाही. कोन असन?”

अशा माणसाने रायपुरात टीव्हीचं चॅनल चालवावं, तेही बातम्यांचं, याचं मला तेव्हा फार हसू यायचं.

चॅनल म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. सदर बाजारात एका सराफाच्या दुकानावर, अंधाऱ्या जिन्याने वर गेलं की दोन खोल्या. एकीत मशीनं, तिला आम्ही कंट्रोल रूम म्हणायचो. दुसरीत टेबल, टेबलामागे निळा पडदा आणि समोर कॅमेरा. तिथून निघालेली केबल गच्च्यांवरून, खांबांवरून, कडुलिंबाच्या फांद्यांमधून गावभर जायची आणि संध्याकाळी घराघरांत माझं तोंड दिसायचं. बातम्या हिंदीत. कुठला नाला तुंबला, उद्या कुठल्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, नळ येणार नाही, गोल बाजारातल्या हातगाड्या कुणी हटवल्या. भाऊंनी सुरुवात केली होती व्हीसीआर आणि कॅसेटी भाड्याने देण्यापासून. मग लग्नाचं शूटिंग, मग डिश, मग केबल, आणि त्या केबलवर हे चॅनल. हिंदी बोलणारी मंडळी त्यांना ‘भाऊ भैया’ म्हणत आणि ते दोन्हीला ओ देत.

कंट्रोल रूमची किल्ली ते कमरेच्या करगोट्याला बांधून ठेवत. खिशातून चोरी होते, गळ्यातून हिसकतात, करगोट्याला कोण हात घालणार, असा हिशेब. त्यामुळे कुलूप उघडायचं म्हणजे सदरा वर करून, कंबर दाराला टेकवून, तिरकं उभं राहून किल्ली फिरवायची. रोज सकाळी हा सोहळा होई आणि तेवढ्यापुरते आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहायचो. बाहेरचा कोणी आलेला असला तर तोही आमचं बघून वळायचा.

मी रेल्वेतल्या बाबूची मुलगी. वडील नागपूरहून बदलून आले आणि इथलेच होऊन गेले. बी.ए. होऊन मी घरी बसले होते, तेव्हा भाऊंनी एका लग्नात मला मंगलाष्टकं म्हणताना ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी क्वार्टरवर हजर. अंगणातून आत येईनात, कारण शेजाऱ्यांचं कुत्रं. तिथूनच आईला म्हणाले, “वहिनी, पोट्टीचा आवाज चांगला हाय. घरी बसून काय करून राहिली? मी सांभाळतो तिले. अंधार पडायच्या आत रिक्षात बसवून देईन.” आई तयार झाली ती त्या शेवटच्या वाक्यावर. भाऊंनी शब्द पाळला. हिवाळ्यात अंधार लवकर पडायला लागला की बातम्याही लवकर सुरू करत. कुणी विचारलं तर म्हणत, “पोट्टीले घरी जायचं असते.”

बातम्या कशा वाचायच्या हे त्यांनी मला शिकवलं नाही. त्यांना ते येतही नव्हतं. पण शोक-समाचार कसा वाचायचा, हे मात्र समोर बसवून शिकवलं. आमच्या चॅनलचा जीव त्यातच होता. कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता, उठावना, म्हणजे तिसऱ्या दिवसाची शोकसभा, कुठे, हे कळावं म्हणूनच अर्धं गाव आम्हाला लावायचं.

“नाव घेतलं का थांबायचं,” भाऊ म्हणाले.

“किती वेळ?”

“तेव्हा कोनी हातातला घास खाली ठेवते. कोनी रडते. त्याईचं होऊ दे. मंग पत्ता सांगजो.”

या शोक-समाचारापायी एकदा फजिती झाली होती, माझ्या आधी. जिन्याच्या तोंडाशी एक पत्र्याची पेटी होती. लोक चिठ्ठी आणि फोटो त्यात टाकून जात. पुरानी बस्तीतल्या एका म्हाताऱ्याच्या निधनाची चिठ्ठी आली, तिच्यात फोटो नव्हता. भाऊंनी आपल्याजवळच्या लग्नाच्या कॅसेटींमधून त्या नावाचा माणूस शोधला, त्याचा चेहरा काढून लावला आणि बातमी दिली. नाव तेच, पारा तोच, माणूस मात्र दुसरा. दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्याची बहीण दुर्गहून पहिल्या बसने आली. गल्लीच्या तोंडापासून ऊर बडवत आली, तर तिचा भाऊ ओट्यावर दाढी करत बसलेला. ती तिथेच कोसळली आणि बरेच दिवस अंथरुणातून उठली नाही. आमचे भाऊ तिला भेटायला रोज जायचे. सगळे हसायचे त्या गोष्टीला, पण भाऊ कधी हसले नाहीत.

तेव्हापासून नियम झाला. चिठ्ठी कुणाचीही असो, आधी त्या घरी फोन. “नमस्कार, चैनल से बोल रहा हूँ. आपके यहाँ का समाचार आया है. ख़बर दे दूँ?” घरातल्याने ‘दे दो’ म्हटलं की मगच ती चिठ्ठी माझ्यापुढे यायची. मराठी घर असलं तर, “खबर देऊ का?” एरवी फोनला भिणारा हा माणूस हे फोन स्वतः लावायचा, दुसऱ्या कुणाला लावू देत नसे.

राज्य नवीन झालं आणि रायपूर राजधानी झाली. रातोरात गाव बदललं म्हणतात तसंच झालं. ज्याला त्याला आपलं तोंड टीव्हीवर पाहिजे होतं, आणि दुसऱ्याचं नको होतं. त्या दिवसांत एके दुपारी भनपुरीचे शेठ जिना चढून आले. त्यांचे ट्रक होते, गोदामं होती, आता त्यांना चॅनल हवं होतं. पेढ्यांचा डबा घेऊन आले, फार गोड बोलले. “भाऊ, अब राजधानी है. ये आपके बस का नहीं रहा. हमको दे दो.”

भाऊ म्हणाले, “देने को डर लगता है.”

शेठ हसले. “रखने को नहीं लगता?”

ते गेल्यावर पेढ्यांना कुणी हात लावला नाही. भाऊंनी तो डबा कागदात गुंडाळून ठेवला आणि संध्याकाळी नाल्यात टाकून आले. “त्यात काही असन तर?” म्हणाले. मी हसले. माझं ते शेवटचं हसू.

मग तारा कापल्या जायला लागल्या. आज टिकरापारा बंद, उद्या गुढियारी. जोडायला गेलेल्या पोरांना खांबावरून खाली उतरवलं आणि शिड्या तोडल्या. नंतर एक मोटरसायकल माझ्या रिक्षाच्या मागे यायला लागली. वरचे दोघे काही बोलत नसत, शिटीसुद्धा वाजवत नसत. रेल्वे कॉलनीच्या फाटकापर्यंत येत आणि परत फिरत. छेड काढली असती तर मी घरी सांगू शकले असते. यात सांगायचं काय? मी रिक्षात ओढणी घट्ट धरून बसायची. भाऊंना मात्र सांगितलं. ते दुसऱ्या दिवसापासून स्वतः रिक्षात बसून मला सोडायला यायला लागले आणि पूर्ण रस्ताभर माझ्यापेक्षा जास्त घाबरायचे. ठाण्यातही गेलो. तिथे सगळं नीट लिहून घेतलं आणि विचारलं, “नुकसान क्या हुआ?”

आणि मग ती संध्याकाळ आली. मी तोंडाला पावडर लावून टेबलाशी बसले होते. भाऊ पेटीतल्या चिठ्ठ्या घेऊन वर आले, चष्मा लावला. एक चिठ्ठी वाचली. परत वाचली. मग माझ्याकडे देत म्हणाले, “हा फोटो कुठचा हाय, सांग बरं?”

फोटो भाऊंचा होता. कुणाच्या तरी लग्नातला, डोक्याला फेटा, खांद्यावर कॅमेरा, हसताहेत. खाली टाईप केलेलं होतं. भाऊंचं पूर्ण नाव, तात्यापारा निवासी, आकस्मिक निधन. अंत्ययात्रा उद्या सकाळी.

कॅमेरामन आरंगकडचा होता, त्याने बघितलं आणि म्हणाला, “फाड़ दो भैया. पुलिस में दे दो.”

“हव, देंगे,” भाऊ म्हणाले. “पहले घर पे फोन.”

आम्हाला वाटलं, यांचं डोकं फिरलं. त्यांनी स्वतःच्या घरचा नंबर फिरवला. रिसीव्हरमधून काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, बोलणं आम्हालाही ऐकू येत होतं. आणि भाऊ सवयीने हिंदीतच बोलले, लग्नाच्या बायकोशी. “नमस्कार, चैनल से बोल रहा हूँ. आपके यहाँ का समाचार आया है.”

“काय झालं वो?” काकू म्हणाल्या. “कोनाचं?”

“माह्यं.” मग त्यांनी चिठ्ठी वाचून दाखवली, आणि विचारलं, “खबर देऊ का?”

पलीकडे कुठे तरी कुकरची शिटी झाली. मग काकू म्हणाल्या, “द्या. पूर्ण द्या. अन् मंग सरळ घरी या. भात टाकून राहिली मी.”

त्या दिवशी भाऊंनी मला खुर्चीवरून उठवलं. इतक्या वर्षांत ते कधी कॅमेऱ्यासमोर आले नव्हते, त्यालाही ते घाबरत. हातातला कागद त्यांनी दोन्ही तळव्यांनी टेबलावर दाबून धरला. बातमी वाचायला लागले. स्वतःचं नाव घेतलं, आणि थांबले. मला शिकवलं होतं तितकाच वेळ. मी पडद्याआड तोंडात ओढणी कोंबून उभी होते. मग त्यांनी पत्ता वाचला, अंत्ययात्रेची वेळ वाचली आणि पुढे म्हणाले, “चैनल के नियम से घर पर फोन लगाया गया. श्रीमती जी ने बताया है कि वे जीवित हैं और भोजन के लिए घर आने वाले हैं. जिन सज्जन ने यह समाचार भेजा है, उनसे निवेदन है, आगे से पहले घर में पूछ लें.”

कॅमेऱ्याचा दिवा बंद झाल्याबरोबर ते मोरीत गेले आणि ओकले.

खाली सदर बाजारात ही एवढी गर्दी! सराफांनी दुकानं उघडी टाकून जिन्याशी धाव घेतली, स्कूटरवाले स्कूटर रस्त्यात उभ्या करून वर बघत राहिले. कोणी रडत होतं, कोणी हसत होतं, एक म्हातारे गृहस्थ भाऊंना पुन्हा पुन्हा हात लावून बघत होते. शेवटी तीस-चाळीस माणसं त्यांना मध्ये घेऊन तात्यापाऱ्यात पोचवायला निघाली. भाऊ त्या घोळक्यात मान खाली घालून, पायांच्या बोटांनी चपला घट्ट धरल्यासारखे चालत होते. दोन दिवस गावात दुसरा विषय नव्हता. मोटरसायकल दिसेनाशी झाली. आमच्यातला जो तो म्हणायला लागला, जिंकलो आपण.

भाऊ म्हणत नव्हते. उलट त्यांचं घाबरणं वाढलं. जिन्यावर पाऊल वाजलं की उठून उभे राहायचे. मी एकदा चिडून म्हटलं, “आता काय आहे, भाऊ? पळाले ते.”

“पळाले नाही. त्याईले समजलं, का माह्यावर नेम धरून काही फायदा नाही,” ते म्हणाले. “आता दुसरी चिठ्ठी कोनाची येईन?”

ती माझी आली.

फोटो टीव्हीवरून काढलेला होता. मागचा निळा पडदा, चेहऱ्यावर आडव्या रेघा, आणि बोलता बोलता उघडं राहिलेलं तोंड. कुमारी अमुक अमुक, रेल्वे कॉलनी. क्वार्टरचा नंबर बरोबर होता. वडिलांचं नाव बरोबर होतं. अंत्ययात्रेच्या तारखेची जागा तेवढी कोरी सोडली होती. मी खाली बसले. खुर्ची आहे का ते न बघता बसले, जमिनीवरच.

भाऊंनी फोन पुढे ओढला. नियम तो नियम, मी बघत राहिले. आमच्या घरचा नंबर त्यांनी फिरवला. घंटी गेली. आणि मग आईचा आवाज आला, स्वयंपाकात असताना येतो तसा, घाईचा. “हॅलो?”

भाऊ गप्प.

“हॅलो? कोण बोलतंय?”

एरवीही ते गप्पच असायचे. पण या वेळी पलीकडून बोलणं आलं होतं आणि तरी यांच्या तोंडातून शब्द निघत नव्हता. आई आणखी एकदा हॅलो म्हणाली. भाऊंनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला. चष्मा काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

“तुह्या माईले मी काय इचारू?” म्हणाले. “खबर देऊ का म्हणून इचारू?”

मग त्यांनी दुसरा नंबर फिरवला, भनपुरीच्या शेठचा. आणि मी त्यांना ओळखत होते तेवढ्या काळात पहिल्यांदाच ते पलीकडच्याच्या आधी बोलले. “ले जाओ,” म्हणाले.

शेठ दुसऱ्या दिवशी दुपारी आले, बरोबर वकील आणि दोन माणसं. चहा मागवला. सगळं अगदी अदबीने चाललं होतं. भाऊंनी दाखवतील तिथे सह्या केल्या. मग शेठ म्हणाले, “और चाबी?”

भाऊ उठून उभे राहिले आणि त्यांनी सदरा वर केला. आम्ही सगळे सवयीने भिंतीकडे वळलो. पण मी थोडी मान फिरवून बघितलं, तर शेठ वळले नव्हते. ते चहा पीत बघत होते. किल्लीची गाठ इतक्या वर्षांची, सुटेना. शेवटी टेप कापायची कात्री घेऊन त्यांनी करगोटाच कापला आणि किल्ली टेबलावर ठेवली.

“एक बात है,” ते म्हणाले. “ये लड़की आज से यहाँ नहीं है.”

शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, “कौन लड़की, भाऊ?”

“और कोई भी चिट्ठी आए, पहले घर पे फोन लगाना.”

“लगाएँगे, लगाएँगे.”

जिना उतरताना मला रडू आवरेना. माझ्यामुळे गेलं सगळं, असं म्हणत होते मी. भाऊ रागावले. “तुह्यामुळे काहून? मले विकायचंच होतं. अन् घरी काही सांगू नको. सांगजो, का भाऊचं डोकं फिरलं म्हणून सोडलं.” मी तेच सांगितलं. आईला खरं सांगितलं ते माझ्या लग्नानंतर.

पुढे मी शाळेत लागले, लग्न रायपुरातच झालं. दिवाळीला तात्यापाऱ्यात जायची. भाऊंच्या टीव्हीवर कशिद्याचा रुमाल कायमचा टाकलेला असे. आणि एक विचित्र गोष्ट झाली होती. भाऊंची भीती गेली. गल्लीतलं कुत्रं पायाशी घेऊन बसायचे. अंघोळ करून ओल्या हाताने दिवा लावायचे. फोन वाजला तर वाजू देत. काकू मला आत बोलावून हळूच म्हणाल्या, “घाबरतच नाही वो आता. मलेच भेव वाटते त्याईचं.” मलाही वाटलं. पालीला बघून खुर्चीवर चढणारे भाऊ मला परत पाहिजे होते.

चॅनल मोठं झालं. नवी इमारत, नव्या मुली. मी ते लावत नव्हते, पण एका संध्याकाळी नवऱ्याने लावलं होतं. खाली पट्टी सरकत होती आणि तिच्यात भाऊंचं नाव आलं. तात्यापारा निवासी, निधन. नाव न थांबता पुढे गेलं आणि त्याच्या मागोमाग साड्यांच्या सेलची जाहिरात आली.

मला वाटलं, पुन्हा कुणी तरी चिठ्ठी पाठवली. इतक्या वर्षांनी कोण पाठवणार, कशाला पाठवणार, हे काही सुचलंच नाही. नंबर पाठ होता, तो फिरवला. काकूंनी उचलला. मी नुसतं “हॅलो” म्हटलं. त्यांनी लगेच विचारलं, “तू का?”

“हो, काकू.”

“चॅनलवाल्याईचा फोन नाही आला,” काकू म्हणाल्या. “मी मघापासून फोनपाशीच बसली. इचारतीन म्हटलं. कोनी इचारलंच नाही. लावून टाकलं.” मग म्हणाल्या, “तू इचार.”

मी नवऱ्याला हाताने खूण करून टीव्ही बंद करायला लावला. उभी राहिले. “काकू, खबर देऊ का?”

“दे,” त्या म्हणाल्या. “पूर्ण दे.”

मी हिंदीतच दिली, निळ्या पडद्यासमोर बसून द्यायची तशी. भाऊंचं पूर्ण नाव घेतलं आणि थांबले. पलीकडे काकू रडायला लागल्या. त्यांचं होईपर्यंत मी फोन कानाला धरून उभी राहिले, आणि मग पत्ता सांगितला.